मुलांचं स्टडी टेबल: बाजारातल्या पाच पर्यायांची पारख

दुकानात किंवा ऑनलाइन मिळणाऱ्या बहुतेक स्टडी टेबलांची उंची ७२ ते ७६ सेंमी, म्हणजे जुन्या मापात अडीच फूट असते. ही उंची मोठ्या माणसाच्या मापाची आहे. तिसरी-चौथीतलं मूल अशा टेबलाशी बसलं की त्याचे खांदे कानाकडे चढतात, हनुवटी वहीला टेकायला येते आणि पाय हवेत लोंबकळतात. दहा मिनिटांत ते एक पाय खुर्चीवर घेतं, मग गुडघ्यांवर बसतं, मग उठून कॉटवर जाऊन लोळत लिहितं. घरातले म्हणतात, एवढं टेबल आणलं तरी बसत नाही. मुलाचा हट्ट हे त्याचं कारण नसतं, त्या टेबलाशी त्याला नीट बसताच येत नाही.

म्हणून कुठल्याही टेबलाची पारख करताना पहिला प्रश्न त्याच्या उंचीचा. कप्पे किती, रंग कोणता, कार्टून आहे का, हे सगळं नंतर.

शाळेच्या फर्निचरसाठी युरोपात ईएन १७२९ हे मानक आहे. त्यात मुलाच्या उंचीप्रमाणे बैठक आणि टेबल यांची मापं ठरवून दिली आहेत आणि घरासाठीही ती चांगली उपयोगी पडतात. उंची ११९ ते १४२ सेंमी असेल तर बैठक ३५ आणि टेबल ५९ सेंमी. १३३ ते १५९ असेल तर ३८ आणि ६४. १४६ ते १७६ असेल तर ४३ आणि ७१. गट एकमेकांत थोडे शिरलेले आहेत, कारण एकाच उंचीच्या दोन मुलांचे पाय सारख्याच लांबीचे नसतात. या आकड्यांत ध्यानात ठेवायची गोष्ट एकच: बैठक आणि टेबल यांच्यातलं अंतर. लहान गटात ते २४ सेंमी, मधल्यात २६, मोठ्यात २८. हे अंतर जमलं की हात आणि खांदे जाग्यावर येतात. पायांखाली काही तरी पक्कं असलं की कंबर जाग्यावर येते.

आता १२५ सेंमी उंचीचं मूल आणि ७५ सेंमीचं टेबल घ्या. बैठक हवी ७५ वजा २४, म्हणजे ५१ सेंमीवर. साधी प्लास्टिकची खुर्ची ४३ सेंमीच्या आसपास असते, तिच्यावर ८ सेंमीची घट्ट गादी टाकली की ५१ होतात. त्या मुलाची योग्य बैठक ३५ ची, म्हणजे पाय १६ सेंमी अधांतरी राहतील. तेवढ्याच उंचीचा आधार पायांखाली दिला की तेच टेबल त्याला चालतं. घरात टेबल आधीच असेल तर नवीन घेण्याआधी हा हिशेब करून बघा. बऱ्याच घरांत हजार रुपयांच्या आत काम भागतं.

कॉटवरचं घडीचं टेबल

पत्र्याच्या नळीचे घडीचे पाय, वर एमडीएफची (लाकडाचे बारीक तंतू गोंदात दाबून केलेली) ६० × ४० सेंमीची फळी, एका कोपऱ्यात कप ठेवायचा खळगा, पुढे टॅबलेट उभा करायची खाच. साधारण ५०० ते १,२०० रुपयांत हे मिळतं आणि लॉकडाऊननंतर जवळपास प्रत्येक घरात एखादं तरी आहेच. कॉटवर ठेवून अभ्यासाला ते वाईटच. गादी दबते, बैठक एकसारखी राहत नाही, पाठीला आधार नसतो आणि अर्ध्या तासात मूल आडवं होतं.

पण हेच टेबल जमिनीवर ठेवलं की चित्र बदलतं. त्याची उंची साधारण २६ ते २८ सेंमी असते. मुलाला भिंतीशी मांडी घालून बसवा, खाली ३-४ सेंमीची घट्ट उशी द्या. बैठक आणि फळी यांच्यातलं अंतर २३-२४ सेंमीच्या घरात येतं, म्हणजे लहान गटाचं नेमकं माप. जमिनीवर बसून लिहायची आपली जुनी पद्धत मुळीच मागासलेली नाही. पेढीवरचं बैठं उतरतं डेस्क याच मापाच्या आसपास असायचं. उशी मात्र हवीच. तिच्यामुळे कंबर जराशी वर उचलली जाते आणि पाठीला पोक येत नाही.

घेताना दोन गोष्टी बघा. पायांच्या दोन नळ्यांमधलं आतलं अंतर ५० सेंमीपेक्षा कमी असेल तर मांडी घातल्यावर गुडघे नळीला लागतात. आणि पाय उघडल्यावर अडकवणारी खिट्टी प्लास्टिकची असेल तर ती सगळ्यात आधी तुटते, तेव्हा लोखंडी अडकण असलेलं घ्या. कपाचा खळगा नसलेलं मिळालं तर उत्तम, कारण ४० सेंमीच्या फळीवर तो खळगा लिहिण्याची जागाच खातो. साधारण पाचवीपर्यंत हे टेबल पुरतं. त्यानंतर पाय लांब होतात, वह्या मोठ्या होतात आणि एका बैठकीचा वेळही वाढतो.

जागा तंग असलेल्या घरात, पहिली ते चौथीच्या मुलासाठी, आमची पहिली शिफारस हीच आहे.

भिंतीला लावायचं घडीचं टेबल

वन बीएचकेसाठी याच्या तोडीचा पर्याय नाही. वापरताना ते ४५ सेंमी बाहेर येतं, मिटल्यावर जेमतेम फळीच्या जाडीएवढी जागा घेतं. त्याहून मोठा फायदा असा, की ते कुठल्या उंचीवर लावायचं हे आपल्या हातात असतं. आज ६० सेंमीवर लावा, तीन वर्षांनी जुनी भोकं पुट्टीने बुजवून ६६ वर चढवा.

पण यात बिघडण्यासारखंही पुष्कळ आहे आणि बिघाड बहुधा भिंतीत असतो. समजा फळी ४५ सेंमी रुंद आहे, घडीच्या ब्रॅकेटची भिंतीवरची बाजू १५ सेंमी आहे आणि मुलाने पुढच्या काठावर ३० किलोचा भार टाकला. वरच्या स्क्रूंवर तिप्पट ओढ येते, म्हणजे ९० किलो, दोन ब्रॅकेटांत प्रत्येकी ४५. मुलं टेबलावर चढून बसतात, त्यामुळे ही ओढ कधीतरी येणारच असं धरून चाला. जुन्या विटांच्या भिंतीत ८ मिमीचा चांगला नायलॉन रावळप्लग आणि ५० मिमीचा स्क्रू हे सोसतो, मात्र भोक गिलाव्यातच संपता कामा नये, ते विटेत गेलं पाहिजे. नवीन इमारतींमध्ये भिंती पुष्कळदा एएसी ब्लॉकच्या असतात, ज्यांना बांधकामावर सरसकट सिपोरेक्स म्हणतात. हा ब्लॉक हलका आणि भुसभुशीत असतो. त्यात साधा प्लग सुरुवातीला घट्ट वाटतो आणि काही महिन्यांत भोक पीठ होऊन ढिला पडतो. एएसीसाठी वेगळा, जाड आट्यांचा नायलॉन अँकर मिळतो, तोच वापरा. ड्रिलचा हॅमर, म्हणजे ठोके देत भोक पाडायची सोय, बंद ठेवून चालवा, नाहीतर भोक मोठं होतं. पूर्ण काँक्रीटच्या भिंतीत उलट हॅमर लागतोच, पण एकदा लागलेला प्लग हलत नाही. भिंत कसली आहे हे ओळखायला ड्रिलची भुकटी बघा: लाल असेल तर वीट, पांढरट आणि मऊ असेल तर एएसी, राखाडी आणि बिट रेटा देत असेल तर काँक्रीट. जिप्समच्या पार्टिशनवर हे टेबल लावूच नका.

कुठलीही भिंत असो, ब्रॅकेट थेट भिंतीत लावण्यापेक्षा आधी फळीच्या लांबीची एक जाड लाकडी पट्टी पाच-सहा प्लग मारून बसवा आणि ब्रॅकेट त्या पट्टीत लावा. ओढ सगळ्या प्लगांत वाटली जाते. ९० सेंमीपेक्षा लांब फळी असेल तर तिसरा ब्रॅकेट घाला. मिटताना बोट चिमटतं, म्हणून खटका दाबून मिटणारे ब्रॅकेट घ्या आणि लहान मुलाला एकट्याने मिटू देऊ नका. भाड्याच्या घरात घरमालकाला आधी विचारलेलं बरं.

या प्रकाराची खरी कमजोरी रोजच्या सवयीत आहे. टेबल मिटायचं तर वह्या-पुस्तकं दुसरीकडे हवीत. शेजारी हाताच्या अंतरावर एखादा उघडा कप्पा दिला नाही, तर आठवड्याभरात टेबल कायमचं उघडं राहतं किंवा कायमचं मिटलेलं.

पार्टिकल बोर्डाचं रेडीमेड टेबल

सगळ्यात जास्त खपणारा आणि सगळ्यात जास्त निराशा करणारा प्रकार. साधारण ३,००० ते ७,००० रुपये, घरी येऊन जोडून देतात, फोटोत देखणं दिसतं. फोटोत न दिसणाऱ्या चार गोष्टी अशा.

पहिली, वरचं शेल्फ. टेबल ५० सेंमी खोल लिहिलेलं असतं, पण मागे २० ते २५ सेंमीचं शेल्फ फळीवरच बसवलेलं असतं. लिहायला उरतात २५-३० सेंमी, म्हणजे ए-फोर मापाच्या मोठ्या वहीची उभी बाजू जेमतेम मावते आणि कोपर बाहेर लटकतं. उघडी मोठी वही ४२ सेंमी रुंद, शेजारी उघडं पुस्तक तेवढंच, म्हणून मोकळी जागा किमान ९० × ४५ सेंमी हवी. जाहिरातीतलं माप वाचून थांबू नका, शेल्फाच्या पुढे किती उरतं ते विचारा.

दुसरी, फळीखालचा ड्रॉवर. हा मुद्दा दुकानात कुणी सांगत नाही. ७५ सेंमीच्या टेबलातून फळीची जाडी आणि १२ सेंमीचा ड्रॉवर वजा केला की खाली उरतात ६१ सेंमी. मुलासाठी बैठक ५१ वर चढवली आहे आणि मांडीची जाडी १० सेंमी आहे. मांड्या ड्रॉवरला घासतात, मूल खुर्ची मागे ओढतं आणि मग वाकून लिहितं. मुलासाठी घेताना लिहायच्या जागेखाली काहीही नसलेलं, कप्पे बाजूला असलेलं टेबल घ्या. कीबोर्डचा सरकता ट्रे असेल तर तोही काढून टाका. त्याची उंची मुलाला लिहायला सोयीची वाटते खरी, पण वरून दाब पडला की चॅनल वाकतात.

तिसरी, बोर्ड. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा आणि गोंद. पाणी लागलं की तो फुगतो आणि फुगलेला परत बसत नाही. फ्रीजमधल्या बाटलीखाली साचणारं पाणी, ओल्या फडक्याने पुसणं, कोकणातला आणि मुंबईतला पावसाळा, या सगळ्यांत काठ पहिले जातात. म्हणून काठावरची पीव्हीसी पट्टी बघा: ती चारही बाजूंना हवी, खालच्या आणि मागच्या काठावरसुद्धा, आणि पुढच्या काठाला २ मिमी जाड असलेली चांगली. १६-१८ मिमीची फळी मधल्या आधाराशिवाय एक मीटरच्या पुढे गेली तर पुस्तकांच्या वजनाने मधे झोका घेते. नवीन बोर्डाला डोळे चुरचुरवणारा वास येतो, तो गोंदातल्या फॉर्मल्डिहाइडचा. ई-१ दर्जाचा, म्हणजे हा वायू कमी सोडणारा बोर्ड मागा आणि पहिले काही दिवस खिडक्या उघड्या ठेवा.

चौथी, जोड. मिनिफिक्स नावाच्या गोल चकतीवर हे टेबल उभं असतं. एकदा जोडल्यावर ते ठीक राहतं. घर बदलताना दोनदा सोडून जोडलं की बोर्डातली भोकं सैल होतात आणि टेबल डुलायला लागतं. तीन-चार वर्षांत बदली होणाऱ्या घरांनी हा प्रकार टाळावा.

घ्यायचंच असेल तर लोखंडी चौकोनी नळीचे पाय आणि वर साधी फळी, एवढंच असलेलं घ्या. शेल्फ नको, ड्रॉवर नको. किंमत कमी, आयुष्य जास्त.

उंची बदलणारं टेबल

साधारण ५४ ते ७६ सेंमीपर्यंत वरखाली होणारं, फळी तिरपी करता येणारं टेबल बहुधा खुर्चीसकट जोडीने येतं. १२,००० पासून ३०,००० रुपयांपर्यंत किमती दिसतात. मापाच्या दृष्टीने हा पर्याय सर्वांत योग्य. दुसरीतलं आणि आठवीतलं अशी दोन मुलं एकच टेबल आळीपाळीने वापरणार असतील तर पैसे वसूल होतात. हँडल फिरवून उंची बदलणारं असेल तरच मात्र. दोन्ही पायांच्या खुंट्या वेगवेगळ्या काढून घालायच्या प्रकारात उंची रोज कुणी बदलत नाही. एका मुलासाठी वर्षातून एकदा बदलायची असेल तर खुंट्यांचं स्वस्त टेबलही तितकंच कामाचं.

फळी ४० अंशांपर्यंत तिरपी होते असं जाहिरातीत ठळक लिहिलेलं असतं. चित्रकलेला ते ठीक. लिहायला १० ते १५ अंश पुरतात, त्यापुढे पेन्सिल, पट्टी, वही सगळं घसरतं. फळीच्या खालच्या काठाला अडणी आहे का, आणि ती हाताला टोचते का, ते हात टेकवून बघा. फळी खाली येताना सावकाश येते की धाडकन पडते, हेही दुकानातच तपासा. पूर्ण उंचीवर नेऊन दोन्ही हातांनी हलवा. दोन पायांना जोडणारी आडवी लोखंडी पट्टी नसेल तर ते वरच्या उंचीवर डुलणारच.

या टेबलांची मोठी उणीव रुंदी. ७० सेंमीची फळी चौथीपर्यंत छान, पण नववी-दहावीत भूमितीची आकृती, पुस्तक आणि कच्ची वही एकदम मांडायला ती तोकडी पडते. उंची दहावीपर्यंत पुरेल, रुंदी पुरणार नाही. ९० सेंमीच्या खालचं घेऊ नका, मग ते कितीही सवलतीत असो.

सुताराकडून करून घेतलेलं

थोडं लक्ष घालायची तयारी असेल तर हाच पर्याय सर्वांत टिकाऊ. १९ मिमी प्लायची ८ × ४ फुटांची अर्धी शीट, म्हणजे ४ × ४ फूट, एका टेबलाला पुरते. वरची फळी १०० × ५० सेंमी, दोन बाजू प्रत्येकी ५० × ७१ आणि मागची आडवी पट्टी १०० × २०. चौरसात एका अंगाला फळी आडवी, तिच्याखाली दोन बाजू शेजारी शेजारी उभ्या, आणि कडेला उरलेल्या २२ सेंमीच्या पट्ट्यात मागची पट्टी. करवतीची वाट धरूनही हे बसतं.

यात एक गोष्ट सुताराला आवर्जून सांगायची: फळी बाजूंच्या मधे बसव आणि खिळ्यांनी कायमची ठोकू नकोस. फळीच्या दोन्ही टोकांखाली सागवानी पट्ट्या लावून घ्या आणि त्या ८ मिमीच्या बोल्टांनी बाजूंना जोडा. बाजूंना तीन उंचींवर भोकं, फळीचा वरचा पृष्ठभाग ५९, ६४ आणि ७१ सेंमीवर येईल अशी. मागची पट्टी ५५ सेंमीच्या खाली ठेवा म्हणजे फळी खाली आणताना आड येत नाही. खालच्या उंचीवर बाजू फळीच्या वर १२ सेंमी येतात, त्याचा फायदाच होतो, पेन्सिली गडगडून पडत नाहीत. बोल्ट काढणं-घालणं पान्याने पंधरा-वीस मिनिटांचं काम. पहिलीपासून दहावीपर्यंत एकच टेबल.

प्लाय घेताना आयएसआयचा शिक्का आणि आयएस ३०३ हा क्रमांक बघा. त्यात एमआर आणि बीडब्ल्यूआर असे दोन दर्जे येतात. एमआर म्हणजे हवेतला दमटपणा सोसणारा. पाणी सोसणारा नव्हे, दुकानदार काहीही म्हणो. पाणी सोसतो तो बीडब्ल्यूआर. कोकणात, गोव्यात, मुंबईत बीडब्ल्यूआरच घ्या. मराठवाडा-विदर्भात खिडकीपासून लांब टेबलाला एमआर चालेल. आयएस ७१० चा मरीन प्लाय अभ्यासाच्या टेबलाला लागत नाही, ते पैसे दिव्यावर घाला. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये अर्धी शीट कापून देणारा दुकानदार शोधता येतो. वरून १ मिमीचा लॅमिनेट मॅट आणि फिक्या रंगाचा लावा, कारण चकचकीत लॅमिनेटवर दिव्याचं प्रतिबिंब पडून डोळे दुखतात. खालच्या बाजूलाही स्वस्तातला का होईना लॅमिनेट लावायला लावा. एकाच बाजूला लावला तर फळी काही महिन्यांत बाक धरते. पुढचे कोपरे गोल करून घ्या, लहान मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर तेच येतात.

खुर्ची आणि पायांखालचं

टेबलावर पैसे संपवून खुर्ची म्हणून डायनिंगची एखादी ओढून घेणं, ही घरोघरची रीत आहे आणि ती नेमकी उलटी आहे. आमच्या मते आधी बैठक आणि पायांचा आधार, मग दिवा, आणि टेबल सर्वांत शेवटी.

चाकांची गॅसवर वरखाली होणारी ऑफिस खुर्ची मुलांना फार आवडते. तिची सर्वांत खालची बैठकही ४२ ते ४५ सेंमीवर असते आणि खोली ४५ सेंमीच्या पुढे. आठ वर्षांच्या मुलाची मांडी ३५ सेंमीच्या आसपास. पाठ टेकवली तर पाय सरळ पुढे येतात, पाय खाली सोडले तर पाठ सुटते. घरात अशी खुर्ची असेल तर पाठीमागे १० सेंमीची घट्ट उशी लावा आणि चाकं काढून त्या जागी बुश बसवा, नाहीतर मूल अभ्यासाऐवजी खोलीभर फिरतं. हात असलेली खुर्ची टेबलाच्या काठाला अडते आणि मूल लांब बसतं, म्हणून बिनहातांची घ्या. मांडी पूर्ण टेकल्यावर बैठकीचा काठ आणि गुडघ्याची मागची बाजू यांत दोन-तीन बोटं जायला हवीत. दुकानात मुलाला नेऊन बसवल्याशिवाय खुर्ची घेऊ नये. टेबल मापावरून मागवता येतं, खुर्ची नाही. मुंबईत जोगेश्वरीच्या ओशिवरा बाजारात जुनं फर्निचर मिळतं, तिथे गॅसची खुर्ची बघताना पाच मिनिटं बसून राहा. बैठक हळूहळू खाली आली तर गॅस संपला आहे.

बिनहातांची प्लास्टिकची खुर्ची आणि गादी ही जोडी दिसायला साधी, पण हिशेबात चोख. गादी साध्या स्पंजची नको, तो बसल्याबरोबर निम्मा दबतो आणि सगळा हिशेब चुकतो. रिबॉन्डेड फोमचा (फोमचे तुकडे दाबून केलेल्या घट्ट फोमचा) तुकडा मापाने कापून घ्या आणि खाली बंद शिवून खुर्चीला बांधा. पायांखाली ४५ × ३० सेंमीचा, हिशेबाने आलेल्या उंचीचा लाकडी ठोकळा उत्तम. तो होईपर्यंत दोन विटा एकावर एक अशा दोन जोड्या आणि वर फळी ठेवली तरी १६-१८ सेंमी मिळतात. जेवायचा किंवा पूजेचा पाट पायांखाली घेणं घरच्या मोठ्यांना रुचत नाही आणि त्याची उंचीही पुरत नाही, तेव्हा त्या वाटेला जाऊ नका.

पुस्तक उभं ठेवायला मात्र घरातलीच एक वस्तू कामाला येते: पोथी वाचायचं घडीचं लाकडी स्टँड. तुळशीबागेत किंवा कुठल्याही पूजासाहित्याच्या दुकानात मिळतं. बघून लिहिताना पुस्तक त्यावर ठेवलं की मान सारखी खाली-वर करावी लागत नाही. वाचताना डोळे आणि पान यांत मुलाच्या कोपरापासून मुठीपर्यंतचं अंतर असावं, हे मुलाला स्वतःलाही मोजता येतं.

दिवा

कागदावर ३०० लक्स उजेड हवा (लक्स हे उजेड मोजायचं माप). छताच्या मधोमध असलेल्या एका ट्यूबने भिंतीकडे तोंड करून बसलेल्या मुलाच्या वहीवर तेवढा पडत नाही, शिवाय मुलाची स्वतःची सावली वहीवर येते. ७ ते ९ वॅटचा एलईडी, ४००० केल्विनचा, म्हणजे फार पिवळा नाही आणि निळसरही नाही अशा उजेडाचा, कागदापासून ४०-४५ सेंमी उंचीवर. उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाला डावीकडून, डावऱ्या मुलाला उजवीकडून. खिडकीचंही तेच. खोलीतला मोठा दिवाही चालू ठेवा, काळोखात एकच प्रकाशाचं वर्तुळ डोळ्यांना त्रास देतं.

शेड अपारदर्शक असावी. दिवा लावून मुलाच्या जागी, मुलाच्या उंचीवर डोळे आणून बघा. बल्बचा उघडा भाग दिसला तर शेड खाली झुकवा किंवा दिवाच बदला. दुसरी चाचणी मोबाइलने: कॅमेरा स्लो मोशनवर ठेवून दिव्याचं चित्रण करा. काळे पट्टे सरकताना किंवा उजेड फडफडताना दिसला तर त्या दिव्याचा ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारा भाग, हलका आहे. यूएसबीवरच्या बऱ्याच दिव्यांत पूर्ण उजेडाला हे दिसत नाही, मंद केल्यावर दिसतं, म्हणून दोन्ही करून बघा. पंख्याच्या पात्यांच्या वर ट्यूब असेल तर पात्यांची सावली वहीवर फिरते, ते मुलाला सांगता येत नाही, नुसतं डोकं दुखतं म्हणतं. अशा खोलीत टेबलाची जागाच बदला.

पुण्यात तपकीर गल्ली आणि मुंबईत लोहार चाळ इथे नळीचा लवचीक किंवा स्प्रिंगच्या हाताचा साधा लॅम्प पेटवून बघून घेता येतो. होल्डर बी-२२ चा, आपल्या नेहमीच्या खटक्याच्या बल्बचा घ्या, बल्ब गेला तर कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतो. एलईडी आतच पक्का बसवलेला असेल तर तो गेल्यावर अख्खा दिवा टाकावा लागतो. काठाला आवळायच्या क्लॅम्पखाली पार्टिकल बोर्डावर रबराचा तुकडा ठेवा, नाहीतर काठ चेंगरतो. जिथे वीज जाते तिथे टेबलावरचा चार्जिंगचा दिवा मुख्य म्हणून धरू नका, बॅटरी उतरत जाते तसा त्याचा उजेडही उतरतो. वीज गेल्यावर काही तास चालणारा इन्व्हर्टर बल्ब याच बी-२२ होल्डरमध्ये बसतो, तो लावा.

टेबल पूर्वेकडे तोंड करून हवं असा बऱ्याच घरांत आग्रह असतो. उजेडाची बाजू जमत असेल तर जरूर तसं ठेवा, जमत नसेल तर उजेडाला आधी मान द्या. नागपूर-अकोल्याकडे पश्चिमेच्या भिंतीला टेबल लावू नका, शाळेतून आल्यावर अभ्यासाला बसायच्या वेळीच ती भिंत भट्टीसारखी तापलेली असते.

जोडणी करणारा माणूस आला की तो जाण्याआधी एवढं करून घ्या. टेबल चारही कोपऱ्यांवर हाताने दाबा, डुललं तर खालचे बुश फिरवून समतल करायला सांगा. मुलाला बसवून कोपराची उंची मोजा. दप्तराचा हुक बाजूला लावला असेल तर भरलेलं दप्तर अडकवून बघा, हलकं टेबल तेवढ्याने कलतं. उरलेले स्क्रू आणि अ‍ॅलन की पाकिटात घालून फळीच्या खालच्या बाजूला चिकटपट्टीने चिकटवून ठेवा, पुढच्या जूनमध्ये उंची बदलताना तेच लागणार आहेत.